मूठ सोडा

माझ्या हाताला पिशवीची सवय आहे. हे मला सत्तेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यात सांगण्यासारखं काय आहे, असंच मी म्हटलं असतं. आमच्या बेळगावच्या वडगावात बाई रिकाम्या हातानं रस्त्यावर दिसली तर समोरची विचारते, "काय गे, बरं नाही काय?"

पकडलं ते सुभेदारमामांनी. मराठा लाइट इन्फन्ट्रीतनं निवृत्त झालेले, रोज पहाटे टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात फेऱ्या मारणारे. आम्ही चौघी तिथं चालायला जायचो. म्हणजे चालायला कमी आणि बोलायला जास्त. एका पहाटे नर्सबाई म्हणाली, पुढच्या डिसेंबरात आपल्या बेळगावात हाफ मॅरेथॉन आहे, नाव घालूया काय? वैनी 'घालूया की' म्हणाली, कारण ती कशालाही 'घालूया की' म्हणते. मी गप्प बसले आणि ते होकारात धरलं गेलं. मग पळायचं शिकवा म्हणून मामांच्या मागं लागलो.

पहिल्या आठवड्यात आम्ही झाडाखाली धापा टाकत उभ्या होतो आणि मामा माझ्या उजव्या हाताकडं बघत होते.

"ताई, हातात काय आहे?"

"काय नाही की."

"मग मूठ कुणासाठी आवळलीय? पिशवी घरात ठेवून आलाय न्हवं? मूठ सोडा."

बघितलं तर खरंच. चार बोटं वळलेली, अंगठा वरनं दाबलेला आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. मूठ आवळली की मनगट ताठ होतं, मग कोपर, मग खांदा, आणि खांदा आखडला की श्वास वरच्या वरच राहतो. मामांनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि फेरी मारायला निघून गेले. मी मूठ सोडली. दहा पावलांवर ती पुन्हा वळली.

आमची ओळख एवढ्यातच उरकते. वैनी म्हणजे शेजारीण, वय बावन्न. घरी माझ्यासारखेच पॉवरलूम. अक्का म्हणजे कन्नड शाळेतनं निवृत्त झालेली इतिहासाची मास्तरीण. घरात कन्नड, आमच्याशी मराठी, रागावली की दोन्ही. नर्सबाई सगळ्यांत तरुण, चाळिशीची. नावं देत नाही. वैनीनं बजावलंय, "माझं नाव घालशील तर माझ्या वजनासकट घालशील, तुझा भरवसा नाही."

मी दिवसभर कांड्या भरते. मागावर धोटा इकडनं तिकडं पळतो, त्याच्या पोटात सूत भरलेली कांडी असते. ती संपायच्या आत दुसरी तयार लागते. म्हणजे आमच्या घरात पळायचं काम धोट्याचं, आणि मी एका जागी बसून त्याला खायला घालणारी. उठले तर कामासाठी. सूत आणायला, दूध आणायला, लाइट बिल भरायला, खडेबाजारात, गणपत गल्लीत. माझी सगळी हिंडणी कुठल्या ना कुठल्या वस्तूपाशी जाऊन संपायची. कुठंही न जाता दहा किलोमीटर जायचं आणि काहीही न घेता परत यायचं, हे सासूबाईंना सांगताना मलाच पटेना. त्या म्हणाल्या, "जातीसच तर येताना दूध तरी आण." रास्तच होतं ते.

मिरगात सुरू केलं ही पहिली चूक. बेळगावचा पाऊस बाहेरच्याला सांगून कळत नाही. तो पडून जात नाही, मुक्कामाला येतो. आम्ही रेनकोट घालून पळायचो आणि आतनं घामानं भिजायचो. दोन आठवड्यांनी रेनकोट सोडले, सरळ पावसानंच भिजायला लागलो. पहाटे पावणेपाचला गल्लीतनं निघताना रात्रपाळीचे माग चालू असायचे. खटाक खटाक, खटाक खटाक. मामा सांगायचे, ढांग लांब टाकू नका, पाऊल छोटं आणि झटपट, टाच पुढं आपटली की गुडघ्याला ब्रेक लागतो. ते मला मोजून जमलं नाही. मागाच्या तालावर जमलं. एका घराचा ताल ऐकू यायचा थांबला की पुढच्या घराचा सुरू व्हायचा. वडगाव सोडून येळ्ळूरच्या रस्त्याला लागलं की माग संपायचे, भातशेती सुरू व्हायची आणि माझा ताल तिथंच बिघडायचा. मग बेडकांवर भागवायचं.

लोक काय म्हणतील ही भीती आठवडाभर टिकली. एकदा दुधाच्या डेअरीपाशी एकीनं विचारलंच, "पळूलालीस? कुणाच्या मागं?" वैनी मागनं ओरडली, "कुणाच्या मागं न्हाई, कुणीतरी मागं लागलंय म्हणून!" त्यानंतर कुणी विचारलं नाही.

शर्यतीचं अंतर एकवीस किलोमीटर आणि वर साडेसत्त्याण्णव मीटर. हे साडेसत्त्याण्णव वैनीला फार झोंबलं. एकवीसच ठेवायला काय झालं होतं? अक्कानं येळ्ळूरच्या वाटेवर पळता पळता खुलासा केला, दर चार शब्दांनी श्वास घेत. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकात मॅरेथॉन विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू केली आणि स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली. ते भरलं ४२.१९५ किलोमीटर. १९२१ मध्ये तेच कायमचं ठरलं, आणि आपण त्याच्या अर्धं पळतोय.

"म्हणजे राणीला बसल्या जागेवरनं दिसावं म्हणून मी जादा पळायचं?" वैनी म्हणाली.

मामांनी त्यावर आमच्या गावचा माणूस काढला. फडेप्पा दरेप्पा चौगुले, बेळगावचे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकात भारताकडनं मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. तेव्हा अंतर अजून पक्कं झालेलं नव्हतं, अँटवर्पला ४२.७५ किलोमीटर होतं. म्हणजे आजच्यापेक्षा अर्ध्या किलोमीटरनं जास्तच. पुण्यातल्या शर्यतींत खेड्यातली पोरं अनवाणी पळाली होती, ते बघून दोराबजी टाटांनी त्यांना ऑलिंपिकला पाठवायचं मनावर घेतलं. एवढं सगळं मला सत्तेचाळीस वर्षं या गावात राहून ठाऊक नव्हतं. आपल्याकडं कुस्तीगीरांची नावं पोरांनाही पाठ असतात, पळणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. कुस्ती एका जागेवर बसून बघता येते म्हणून असेल. पळणारा समोरनं जातो नि संपतो.

त्या रात्री मी कांड्या भरता भरता हिशोब केला. चौगुले पूर्ण मॅरेथॉन जेवढ्या वेळात पळाले, तेवढ्या वेळात माझी अर्धी झाली तरी मी पेढे वाटणार होते. कुंदाच वाटला असता म्हणा. बेळगावात पेढे कोण वाटतं?

दिवाळीनंतरच्या रविवारी मोठा सराव ठरला. वेंगुर्ला रस्त्यानं शिनोळीपर्यंत. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी, बाची, आणि बाची संपली की महाराष्ट्र. उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागच्या ट्रॉलीला दिवा नाही, रस्त्यावर पाचट. अशा रस्त्यानं आम्ही चौघी ओळीनं, एकामागं एक. कंबरेच्या पट्ट्यात मोबाइल. पैसे नर्सबाईनं घ्यायचे असं माझ्या समजुतीप्रमाणं ठरलं होतं. तिच्या समजुतीप्रमाणं ते मी घ्यायचे होते.

शिनोळीला पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. चौघींत मिळून वैनीच्या पट्ट्यात वीस रुपयांची एक नोट निघाली, घामानं पापडासारखी झालेली. तिचे दोन चहा चौघींत घेतले. मोबाइलनं देता आले असते पैसे, पण नर्सबाईच्या फोनला पाणी लागून तो बंद पडला होता, आणि अक्का तसलं काही वापरत नाही. माझ्या फोनवर ते होतं, पण पासवर्ड पोराला ठाऊक. पोरगा झोपलेला. उजव्या हाताची माझी मूठ त्या दिवशी पहिल्यांदा पिशवीला आसुसली, खरं सांगते. पिशवीत निदान सुटे पैसे असतात.

थांब्यावर लाल एसटी आली, बेळगावला जाणारी. कंडक्टर म्हणाला, बसा की ताई. वैनी म्हणाली, थांबा. तिचं डोकं चाललं होतं. एसटीला तिकीट लागणार. पण मागं बाचीत गेलं तर कर्नाटकाची बस मिळेल, आणि कर्नाटकात शक्ती योजना आल्यापासनं, म्हणजे २०२३ च्या जूनपासनं, बायकांना साध्या बसमध्ये तिकीट नाही. फक्त ओळखपत्र दाखवायचं. ओळखपत्र आहे? वैनीनं पट्ट्यातनं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं. अक्कानं काढलं. नर्सबाईनंही. पैसे आणायला विसरलेल्या चारही बायकांनी आधार कार्ड मात्र आणलं होतं. आमच्या भागात माणूस पैशाशिवाय घराबाहेर पडेल, कागदाशिवाय पडत नाही. सीमेवर राहायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

मग महाराष्ट्रातनं कर्नाटकात चालत परत आलो, तिकिटाचे पैसे वाचवायला. १९५६ पासनं ज्या रेघेपायी दोन्हीकडची माणसं भांडतायत, मोर्चे काढतायत, सुप्रीम कोर्टात २००४ पासनं दावा चाललाय, ती रेघ आम्ही एका सकाळी दोनदा ओलांडली, पैकी दुसऱ्यांदा लंगडत. माझ्या सासऱ्यांनी या रेघेसाठी लाठ्या खाल्ल्या होत्या, म्हणून मी हे हसण्यावारी नेत नाही. पण त्या दिवशी मला फक्त बसायला जागा हवी होती. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, कुठनं पळत आलात? अक्का म्हणाली, महाराष्ट्रातनं. अख्खी बस हसली.

शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागली नाही. पोरानं ऑनलाइन नाव घालताना टी-शर्टचं माप 'मीडियम' घातलं होतं. का, तर 'आई म्हणजे मीडियमच'. तो उसवून दोन्ही बाजूंना पट्टी जोडली. घरात माग असल्याचा एवढा उपयोग. छातीवर लावायच्या नंबराच्या, म्हणजे बिबाच्या, चार पिना, त्याच्या पाठीमागं चिकटवलेली वेळ मोजायची चिप, बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन. नर्सबाईनं सगळ्यांना बजावलं होतं, तहान लागेल तसं घोट घोट प्या, भीतीपोटी घटाघटा नको. नुसतं पाणी फार झालं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही वाईट. तिनं पळता पळता चोखायच्या जेलची महागाची पाकिटं आणली होती. चाटून बघितली, साखरेचा पाक. वैनी म्हणाली, असल्या पाकाला एवढे पैसे? तिनं कुंद्याचे तुकडे करून छोट्या पिशवीत भरले.

कॅम्पातनं सुटलो तेव्हा अंधार होता आणि थंडी कानाला झोंबत होती. पहिले दोन किलोमीटर मी इतकी हलकी होते की मला माझाच संशय आला. मग काँग्रेस रोड. १९२४ चं अधिवेशन, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले ते एकमेव, म्हणून हे नाव. हे अक्का बोलली आणि म्हणाली, आता तिसऱ्या गेटापर्यंत मी बोलणार नाही. डाव्या-उजव्या घरांच्या गॅलऱ्यांत स्वेटर घातलेली माणसं चहा घेऊन उभी. तिसऱ्या गेटाच्या पुलावर दरवेळी स्कूटरनं जाते. तो एवढा उंच आहे हे स्कूटरला ठाऊक असणार, मला नव्हतं. पुलावरनं उतरताना नर्सबाई पुढं गेली. ती जाणार हे ठरलेलंच होतं. तिनं मागं वळून हात केला, आम्ही केला, आणि ती उद्यमबागेच्या वळणावर दिसेनाशी झाली.

परतीच्या वाटेवर वैनीनं कुंदा काढला. चौदावा किलोमीटर असेल. कोरड्या तोंडात कुंदा घालू नये, हे मी अनुभवानं सांगते. तो टाळूला चिकटतो, दातांना चिकटतो, गिळता येत नाही नि थुंकवत नाही, कारण शेवटी तो कुंदा आहे. तिघी बायका गालात तोबरा भरून नाकानं श्वास घेत पळतायत. पुढच्या पाण्याच्या टेबलापर्यंत आमच्यात एक शब्द झाला नाही. तिथं पाणी प्यायल्यावर वैनी म्हणाली, "जेल बरं होतं गे." मग ती तिच्या चालीनं मागं पडली. म्हणाली, माझी वाट बघू नका, मी येतो. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी गेलो' म्हणतात. बाहेरच्यांना गंमत वाटते.

हिंडलग्याच्या रस्त्यावर ऊन आलं. 'हिंडलग्याला गेला' याचा आमच्याकडं एकच अर्थ होतो, तिथं मोठा जेल आहे. त्यामुळं त्या बाजूला पळत जाताना हसू यायला हवं होतं, पण हसायला जी हवा लागते ती शिल्लक नव्हती. रस्ता सपाट दिसतो. चढ डोळ्यांना दिसत नाही, पोटऱ्यांना कळतो. वळणावर उभ्या पोलिसाला अक्कानं विचारलं, यू-टर्न किती लांब? "इल्ले ऐत्रि," तो म्हणाला. हे काय, इथंच. अर्ध्या किलोमीटरवर झेंडा धरलेल्या पोराला मी विचारलं. "इथंच की मावशी." दोन भाषांत तेच खोटं. बेळगावात कुणालाही कुठलंही अंतर विचारा, ते इथंच असतं. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.

सतरा संपले आणि अक्काच्या पोटरीत गोळा आला. ती रस्त्याकडेला झाडाला धरून उभी राहिली, चेहरा पांढरा. मी तिची पोटरी दाबली, पाऊल वर ओढलं. ती म्हणाली, "तू जा." मी म्हटलं, छे, काहीतरीच. ती पुन्हा म्हणाली, "होग मुंद, जा म्हणते न्हवं." आणि मी गेले.

हे लिहायचं की नाही यावर बराच विचार केला. कुणी विचारलं तर आम्ही दोघी एकत्र पोचलो असं सांगतो, आणि ते खरंच आहे. पण मधले तीन दिव्याचे खांब मी एकटी पळाले. तीन तासांच्या आत पोचायचं माझ्या डोक्यात होतं. घड्याळात ते जमत होतं, आणि त्या तीन खांबांत मला अक्काची काळजी वाटली नाही. माझीच चाल मला आवडत होती. मूठ सुटलेली, खांदे खाली, पाऊल छोटं, मागाच्या तालावर. असं सगळं एका जागी त्याआधी कधी जुळून आलं नव्हतं. चौथ्या खांबापाशी मी थांबले. का, ते सांगता येणार नाही. दया वगैरे काही दाटून आली नव्हती. मागं चप्पल ओढल्यासारखा तिच्या बुटाचा आवाज ऐकू येत होता, तो थांबला आणि मी थांबले.

ती लंगडत आली. बोलली नाही. माझं मनगट धरलं तिनं, हात नव्हे, मनगट, शाळेत पोराला वर्गाबाहेर काढताना धरतात तसं. आणि मोजायला लागली. "वंदु, येरडु, मूरु, नाल्कु..." दहा पावलं पळायचं, दहा चालायचं. "...येळु, येंटु, वंबत्तु, हत्तु." मीही मोजायला लागले. शाळेत कन्नड होतं, पण घरी बोलायची वेळ नाही आली. दहापर्यंत मात्र चुकले नाही. मग वीस पळायचं, दहा चालायचं. वीसच्या पुढं माझं कन्नड संपलं. मी मराठीत एकवीस म्हटलं आणि तिनं रागानं बघितलं, कारण ताल मोडला.

शेवटचं वळण घेतलं तेव्हा पुढं नर्सबाई केळं खात उभी होती, गळ्यात मेडल. कमानीवरच्या घड्याळात तीन तास सहा मिनिटं. चिपच्या हिशोबानं काही सेकंद कमी. अक्कानं मनगट सोडलं तेव्हा तिथं तिच्या बोटांच्या चार खुणा होत्या.

वैनी वीसेक मिनिटांनी आली, एका ओळख ना पाळख असलेल्या तरुण पोराशी गप्पा मारत. त्याला ती मागाचा धंदा कसा बसला ते सांगत होती. मेडल गळ्यात घातल्या घातल्या तिनं विचारलं, "ते साडेसत्त्याण्णव मीटर कुठले, सुरुवातीचे की शेवटचे?"

उपीट खाल्लं, फोटो काढले. नर्सबाईनं समजावलं, उद्या-परवा पाय दुखतील ते ॲसिड साचून नव्हे, स्नायूंचे बारीक धागे तुटलेले असतात म्हणून. ॲसिड तासा-दोन तासांत निघून जातं. धागे तुटतात म्हटल्यावर मला आणि वैनीला ते लगेच कळलं. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा सुरू.

घरच्या वाटेवर फोन वाजला. सासूबाई. झालं काय पळून? झालं. मग येताना कोथिंबीर आण, आमटीत घालायला नाही.

शहापुरात भाजीवाली रस्त्याकडेला बसली होती, नेहमीची. मेडलकडं बघत म्हणाली, "कसलं गे ते, निवडणुकीचं?"

"पळून आले. एकवीस किलोमीटर."

"एकवीस! मग कोथिंबीर कशाला पळत आणायची?" तिनं जुडी झटकली, पाणी उडालं. वर चार हिरव्या मिरच्या ठेवल्या, पैसे न धरता. "पिशवी?"

"नाही आणली."

तिनं माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघितलं. मग केळीच्या सोपटानं जुडी आणि मिरच्या एकत्र बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. मी मूठ वळली आणि पायऱ्या दिसल्या की पाय उचलायचा कसा, याचा विचार करत गल्लीकडं निघाले.